मीठ विरघळताना ऊर्जा बाहेर पडते?

वर एकांनी लिहिलंय की मिठातले बंध तुटतात, म्हणून विरघळताना ऊर्जा बाहेर पडते. नेमकं उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. बाहेर पडते ती बंध जुळताना.

मीठ तयार होतानाचा हिशोब तर आणखी गमतीचा. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल लागतात, क्लोरीन तो घेताना परत देतो फक्त ३४९. म्हणजे नुसता इलेक्ट्रॉनचा व्यवहार घाट्याचाच! भरपाई होते ती आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने विद्युतभार आलेले अणू) स्फटिकात एकमेकांना चिकटून बसतात तेव्हा, सुमारे ७८७. (शाळेतलं 'अष्टक पूर्ण, सगळे खूश', म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की झालं, हे अर्धवटच आहे.)

विरघळताना हेच ७८७ मोजावे लागतात. पाण्याचे रेणू आयनांना वेढतात त्यातून जवळजवळ तेवढेच सुटतात, म्हणून पाणी कळेल न कळेल इतकंच गार होतं. फरक हाताला जाणवायला हवा असेल, तर कल्हईवाले वापरतात तो नवसागर (अमोनियम क्लोराइड) घ्या. पुण्यात कसब्यात तांबट आळीच्या आसपास विचारा. अर्धा पेला पाण्यात दोन चमचे ढवळले की पेला बाहेरूनच गार लागतो. प्यायचा नाही अर्थात. पावसाळ्यात कपाटात ओल शोषायला ठेवतात त्या कॅल्शियम क्लोराइडने मात्र पाणी चांगलंच तापतं, कारण तिथे पाण्याकडून मिळणारी ऊर्जा वरचढ ठरते.