सॉफ्टबॉक्स कशाला, थर्माकोल आहे ना!

उजेडवेडा:
कॅमेरा घेतला की महिन्याभरात लोक सॉफ्टबॉक्स (लाइटसमोर पांढरं कापड लावून उजेड मऊ करणारा डबा), लाइटच्या छत्र्या आणि स्टँडच्या मागे लागतात. माझ्या मते हौशी माणसाला यातलं काहीच विकत घ्यायची गरज नाही. सावली मऊ पडते ती कंपनीच्या नावामुळे नव्हे. उजेड देणारा पृष्ठभाग वस्तूच्या मानाने किती मोठा आणि किती जवळ आहे, एवढ्यावरच ते ठरतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापा, ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, बाहेरून टेबललॅम्प लावा आणि समोर उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा करा. छोट्या वस्तूंसाठी एवढं पुरतं. चेहऱ्यासाठी दोरीवर पांढरी चादर टाका आणि मागून लाइट मारा.

खडूस कासव:
सावलीचं मान्य, पण रंगाचं काय? घरातला बल्ब घरात वावरण्यासाठी बनवलेला असतो. साध्या एलईडीचा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) बहुधा 80 च्या आसपास, आणि गडद लाल रंगात तर तो सपशेल मार खातो. माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटा जुळवायची सोय) कितीही फिरवा, उजेडात जे लाल नव्हतंच ते फोटोत कुठून आणणार? त्यात खिडकीतून साडेपाच हजार केल्विनचा (हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा लहान तितका पिवळा) दिवस आणि लॅम्पमधून 2700 चा पिवळा. एक गाल निळसर, दुसरा कावीळ झालेला.

उजेडवेडा:
मग पडदा ओढा की! 90 च्या वर सीआरआय असलेले साधे बल्बही मिळतात, वेष्टनावर आकडा छापलेला असतो. तो वाचायचा आळस असेल तर दोष जुगाडाला का?

रीळवाली:
इथे मी कासवाच्या बाजूने. अशाच एका बल्बखाली तासभर व्हिडिओ केला आणि सगळ्या फ्रेमवर आडवे पट्टे सरकत होते. सगळं टाकून दिलं. 50 हर्ट्झच्या विजेवर हलक्या ड्रायव्हरचा (बल्बला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा) एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर (एका फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंदावर आणलं की पट्टे बहुतेक जातात (60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 किंवा 1/120), पण मग हव्या त्या शटरवर काम करता येत नाही.

वायरमन_नाही:
रंगावर भांडा, पण कागद हॅलोजनच्या जवळ नेऊ नका. तो तापतो म्हणजे खरंच पेटवण्याइतका तापतो. आणि जुना फ्लॅश उघडून "काहीतरी करू" म्हणणाऱ्यांनी हात आवरावा. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) साधारण 300 व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि बॅटरी काढली म्हणून लगेच रिकामा होत नाही.

उजेडवेडा:
फ्लॅशचं शंभर टक्के मान्य. चादरीसाठीही हॅलोजन नकोच, एलईडीच. पण लॅम्प दुप्पट लांब नेला की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे जवळ लावला तर छोटा बल्बही भरपूर. हे गणित विकतच्या लाइटलाही चुकत नाही.

खडूस कासव:
थर्माकोल माझ्याकडेही आहे हो, शिवाय सावली गडद करायला काळा कार्डशीट. उजेड अडवायला, वळवायला, गाळायला घरचं काहीही चालेल. माझं भांडण फक्त उजेड कुठून येतो त्याच्याशी आहे. तिथे कंजुषी केलीत की बाकीची मेहनत पाण्यात.

रीळवाली:
बल्ब आणल्यावर खोका बनवायच्या आधी फोनवर स्लो मोशनमध्ये त्याचं शूटिंग करून बघा. लुकलुकताना दिसला तर तो जिन्यात लावा.