मदत हवी आहे: राउटरचा पासवर्ड बदलला, आता आतच घेत नाही

गणवेशवाली: काल रात्री राउटरचा पासवर्ड बदलला. सकाळपासून तोच टाकतेय, चुकीचा म्हणतो. वहीत लिहून ठेवलाय, त्यामुळे विसरण्याचा प्रश्नच नाही. शाळा उघडायला आल्यात, ऑर्डरी अडकल्यात, आणि संध्याकाळी ६ ला एका संस्थेला व्हिडिओवर कापड दाखवायचंय. कृपया लवकर सांगा.

अशोक_चौक: मागं बारीक भोक असतं. टाचणी घालून १० सेकंद दाबून धरा. मग खालच्या लेबलवरचा पासवर्ड चालतो. झालं काम.

तार_आणि_खांब: ताई, टाचणीला हात लावू नका! रीसेट केलं की नेटवाल्यानं भरलेलं पीपीपीओई (म्हणजे नेट चालू व्हायला लागणारं लॉगिन) युजरनेम आणि पासवर्डही उडतो. मग तो येईपर्यंत नेट पूर्ण बंद. मी हीच जोडणी करतो, रोज बघतो. आधी सांगा, कुठला पासवर्ड? वायफायचा की सेटिंगच्या पानाचा? मॉडेल कुठलं? फायबरचा डबा आणि राउटर एकच आहे की वेगळे?

गणवेशवाली: राउटरचा पासवर्ड. काळा डबा, दोन अँटेना. नेटवाल्याला ४ फोन केले, उचलत नाही.

विजापूर_रोड: राउटर कपाटात ठेवलाय का? आमच्याकडं मागच्या खोलीत रेंजच येईना झाली होती. मधल्या खोलीत उंचावर ठेवला, आता जिन्यापर्यंत येते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतीपलीकडं फारसं टिकत नाही, २.४चं वापरा.

अशोक_चौक: @तार_आणि_खांब उगाच घाबरवू नका. मी घरातले तीन राउटर रीसेट केलेत, काही उडालं नाही.

तार_आणि_खांब: तुमच्याकडं फायबरचा डबा वेगळा असेल आणि नेटचं लॉगिन त्यातच भरलेलं असेल. तसं असेल तर राउटर रीसेट करून नेट जात नाही. ताईंकडं कसं आहे ते कळल्याशिवाय सांगणार कसं?

होटगी_नाका: फोनवरून टाकताय का? पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, शेवटी स्पेस येते. ब्राउझर जुना पासवर्ड भरतो तो वेगळाच. प्रायव्हेट विंडोत १९२.१६८.१.१ (राउटरच्या सेटिंगचं पान) उघडून हातानं टाका.

गणवेशवाली: केलं. आता 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणतोय. आणि नेट चालू आहे हो, त्याच्यावरूनच लिहितेय! शेजारची पोरं माझं वायफाय वापरतात म्हणून तर पासवर्ड बदलला. ती अजून वापरतातच.

तार_आणि_खांब: हेच तर विचारत होतो, ताई. तुम्ही वायफायचा नाही, सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदललाय. म्हणून पोरं आत आणि तुम्ही बाहेर. सारखं चुकलं की राउटर काही वेळ लॉगिन बंद करतो, अर्धा तास हात लावू नका. तोवर पासवर्डाची अक्षरं मोजून सांगा. पासवर्ड इथं लिहू नका.

सात_रस्ता: मुलं अभ्यासाला वापरत असतील. त्यांच्या आईशी बोला, महिन्याला काही ठरवून घ्या. शेजार तुटू नये.

होटगी_नाका: आणि त्या कनेक्शनवरून कुणी भलतं काही केलं तर? पोलीस ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्यालाच आधी विचारणार. द्यायचंच असेल तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, काढून द्या.

गणवेशवाली: १९ अक्षरं.

तार_आणि_खांब: मग पहिली १५च टाकून बघा. काही जुन्या राउटरांत पासवर्ड बदलायच्या पानावर १५ अक्षरांचीच जागा असते. पुढचं टाइप केलेलं घेतच नाही, आणि ठिपके दिसतात म्हणून कळत नाही. लॉगिनच्या चौकटीत मात्र सगळी १९ जातात, म्हणून जुळत नाही.

अशोक_चौक: नाही झालं तर शेवटी टाचणीच लागेल, बघा.

गणवेशवाली: उघडलं!! १५ वरच उघडलं. वायफायचा पासवर्ड बदलला, सगळे फोन बाहेर पडले. यादीत माझ्या ओळखीचे नसलेले ५ फोन होते. आता वर्कशॉपचा कॅमेराही बंद दाखवतोय, ते का?

तार_आणि_खांब: त्यात जुनाच वायफाय पासवर्ड आहे. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये जाऊन नवा भरा. टीव्ही, प्रिंटर, सगळ्यांत भरावा लागेल. आणि सेटिंगच्या पानावर डब्ल्यूपीएस दिसेल ते बंद करा, नाहीतर राउटरवरचं बटण दाबून पासवर्डाशिवाय कुणीही पुन्हा जोडेल.

गणवेशवाली: केलं. कॅमेरा आला. दादा, खूप उपकार झाले, ६ च्या आत झालं.

विजापूर_रोड: ताई, गणवेश किरकोळीत देता का? भाचीला दोन जोड हवेत, आकाशी शर्ट, निळा स्कर्ट.