लातिनो प्रौढांसाठी एसएमएसवरून सिगारेट सोडवणं आणि चालणं वाढवणं: आराखडा तपासून हवा

दीपमाळ
अमेरिकेतल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी १२ आठवड्यांचा कार्यक्रम आखायचा आहे. सहभागी लातिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेले) प्रौढ, बहुतेक स्पॅनिशभाषक, बरेच जण प्रीपेड फोनवाले. हाताशी एसएमएस सेवा, मनगटावरचे पावलं मोजणारे ट्रॅकर आणि निकोटिन पॅच (त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या) आहेत. सिगारेट सोडणं आणि व्यायाम एकदमच सुरू करावं का? संदेश किती पाठवावेत? स्वतंत्र ॲप लागेल का? आणि सिगारेट खरंच सुटली हे तपासायचं कसं?

पाणंद
वेगळं ॲप नको. पासवर्ड, अपडेट, भरलेली मेमरी यांतच लोक गळतात. एसएमएस कुठल्याही फोनवर पोचतो. पुरावाही भक्कम आहे. ब्रिटनमधल्या टेक्स्टटूस्टॉप चाचणीत (२०११) सुमारे ५,८०० जण होते. सहा महिन्यांनी तपासणीनिशी सिगारेटमुक्त ठरले १०.७ टक्के, तुलनेच्या गटात ४.९. तिथे पहिले पाच आठवडे रोज पाच संदेश जायचे, नंतर आठवड्याला तीन. तलफ आली की सहभागीने एक शब्द पाठवायचा आणि लगेच उत्तर मिळायचं. ही सोय वगळू नका, ठरावीक वेळेच्या संदेशांपेक्षा मला तीच मोलाची वाटते. लातिनोंसाठी दोन्ही उद्दिष्टं जोडणारा आक्तिवातेक्स्तो हा कार्यक्रमही नजरेखालून घाला.

दोन्ही एकाच दिवशी नको. सिगारेट सोडायच्या तारखेआधी दोन आठवडे ट्रॅकर द्या. पहिला आठवडा नुसती मोजणी, दुसऱ्यात रोज १० मिनिटं झपझप चालणं. म्हणजे तलफेच्या वेळी काय करायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. अशा चालण्याने तलफ तेवढ्यापुरती उतरते हे नक्की. पण व्यायामामुळे सिगारेट कायमची सुटायचं प्रमाण वाढतं, असं आजवरच्या चाचण्यांवरून म्हणता येत नाही. तेव्हा संदेशात तसं आश्वासन देऊ नका.

तारायंत्र
स्पॅनिश एसएमएसमध्ये हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. साध्या एसएमएसच्या अक्षरसंचात तिरकी रेघ असलेला ‘ए’, ‘एन्ये’ (वर लाट असलेला एन) आणि उलटं प्रश्नचिन्ह आहे, पण तशीच रेघ असलेले आ, ई, ओ, ऊ नाहीत. त्यांतलं एक जरी अक्षर आलं की अख्खा संदेश युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या मोठ्या अक्षरसंचात) जातो आणि मर्यादा १६० वरून ७० अक्षरांवर येते. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ अक्षरांचे तुकडे पडतात, प्रत्येकाचे पैसे वेगळे. तरीही रेघा गाळू नका, आरोग्याचा मजकूर अशुद्ध दिसला की विश्वास उडतो. सरळ दोन तुकड्यांचा, म्हणजे १३४ अक्षरांचा हिशेब धरा.

दुसरं, बऱ्याच सेवा ‘स्टॉप’सारखाच ‘क्विट’ हा शब्दही ‘संदेश बंद करा’ असाच धरतात. सहभागीने सिगारेट सोडल्याचं कळवायला तेवढाच शब्द पाठवला, तर तो कार्यक्रमातूनच बाहेर! सेटिंग तपासा, आणि ‘आल्तो’, ‘पारार’ हे स्पॅनिश शब्द बंद करण्यासाठी स्वतः जोडा. दहा अंकी नंबरावरून असे संदेश पाठवायला आधी संस्थेची आणि मोहिमेची नोंदणी लागते. ती नसेल तर मोबाइल कंपन्या संदेश अडवतात. प्रीपेड नंबर बदलतात, त्यामुळे नावनोंदणीतच घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर घ्या.

निंबोणी
पॅच सगळ्यांना २१ मिलिग्रॅमचा देऊ नका. लातिनोंमध्ये कमी सिगारेटी ओढणारे आणि रोज न ओढणारे बरेच असतात. गटागटांतही फरक आहे: ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सान दिएगोमध्ये झालेल्या मोठ्या लातिनो आरोग्य अभ्यासात धूम्रपानाचं प्रमाण प्वेर्तो रिको आणि क्यूबा मूळ असलेल्यांत सर्वाधिक दिसलं.

दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्यांना ६ आठवडे २१, मग २ आठवडे १४, मग २ आठवडे ७ मिलिग्रॅम. १० किंवा कमी असतील तर ६ आठवडे १४ आणि २ आठवडे ७. २१ पासूनचा पूर्ण क्रम १० आठवड्यांचा होतो, म्हणजे पाणंद यांचे आधीचे दोन आठवडे धरून तुमचे १२ बरोबर जुळतात. रोज न ओढणाऱ्यांचं डॉक्टरांनी वेगळं ठरवावं. पॅचची जागा रोज बदलायची, नाहीतर पुरळ येतं. भडक स्वप्नं पडत असतील तर रात्री काढून ठेवायचा.

कॉफीवर एक संदेश हवाच. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर निकामी करतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी जास्त चढते. मग झोप उडते, हात थरथरतात, आणि माणूस ते निकोटिनच्या अभावाचं लक्षण समजून पुन्हा ओढतो. कॉफी निम्मी करायला सांगा.

तपासणीत कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) मोजलंत तर पॅचवाला माणूसही ओढणारा ठरेल. पॅच चालू असेतो श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजा, पण त्यातून जेमतेम शेवटच्या दिवसाचंच कळतं. पॅच संपल्यावर, सहाव्या महिन्यात, लाळेतलं कोटिनिन बघा. ई-सिगारेटबद्दल तेव्हा नक्की विचारा, तिच्यातल्या निकोटिननेही कोटिनिन दिसतं. स्पॅनिश मदतवाहिनीचा १-८५५-३३५-३५६९ हा नंबर मात्र पहिल्याच संदेशात द्या, ती विनामूल्य आहे.

दीपमाळ
आभार. एक शंका: बरेच जण बांधकाम आणि साफसफाईच्या कामावर असतात. त्यांची पावलं आधीच भरपूर. लक्ष्य कसं द्यायचं?

पाणंद
त्यांना दिवसाच्या एकूण पावलांचं लक्ष्य देऊ नका. थकलेल्या माणसाला ते अन्यायाचं वाटतं आणि ट्रॅकर कपाटात जातो. मिनिटाला साधारण १०० पावलांच्या वेगाने सलग चालणं तेवढं मोजा. १० मिनिटांची १,००० पावलं. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू न्या, आणि पहिली फेरी कामाच्या सुट्टीत, नेहमीच्या सिगारेटच्या वेळेला ठेवा. अँड्रॉइड फोनवर ट्रॅकरच्या ॲपची बॅटरी बचत बंद करून द्या, नाहीतर माहिती पोचत नाही आणि ‘आज चाललात नाही’ असा चुकीचा संदेश जातो.