गाडी दहा-दहा दिवस उभी असते, बॅटरी सारखी उतरते, नक्की काय करायचं?

निवांत_प्रवासी:
नमस्कार मंडळी. माझी पाच वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे. आधी रोज ऑफिसला जायची, पण आता दीड वर्ष झालं घरूनच काम करते त्यामुळे गाडी आठवड्यातून एकदा कुठेतरी जवळपास जाते, कधीकधी तर दोन आठवडे जागची हलत नाही. गेल्या चार महिन्यांत तीनदा असं झालं की चावी फिरवली की नुसतं टक टक टक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. तिन्ही वेळेला कोणाच्या तरी गाडीवरून जंपर लावून सुरू केली.
मी काळजी घेत नाही असंही नाहीये, दर तीन दिवसांनी न चुकता खाली जाऊन १० मिनिटं इंजिन चालू ठेवते, तरी हे होतंय. बॅटरी दोन वर्षांचीच आहे, ४५ अँपिअर-अवरची (म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचं माप). मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, नवीन टाका. शेजारचे काका म्हणतात निगेटिव्हची वायर काढून ठेव, काही होत नाही.
गाडी विकायचा विचार नाही कारण वडिलांची तब्येत अशी आहे की रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठायची वेळ येऊ शकते. त्या वेळी टक टक ऐकायची अजिबात इच्छा नाही, म्हणून विचारतेय.

तांब्याची_तार:
ताई, ते दर तीन दिवसांचं १० मिनिटं चालू ठेवणं आधी बंद करा, त्याने फायदा होतोय असं वाटतं पण होत नाहीये. हिशोब सांगतो.
सेल्फ मारायला तशी फार बॅटरी लागत नाही. दीडदोनशे अँपिअर ओढतो खरा पण एक-दोन सेकंदच, म्हणजे साधारण ०.१ अँपिअर-अवर. खरा खर्च होतो तो गाडी उभी असताना. अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसिव्हर, कंप्युटरची मेमरी, घड्याळ, हे सगळं थोडं थोडं खात असतं. ५० मिलीअँपपर्यंत सहसा नॉर्मल धरतात. ५० मिलीअँप म्हणजे दिवसाला १.२ आणि तीन दिवसांत ३.६ अँपिअर-अवर. आता १० मिनिटांत परत काय जातं? गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यातून हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर चालू असेल तर उरतं अजून कमी. समजा बॅटरीला १० अँपिअर मिळाले, तरी १० मिनिटांत साधारण १.७ झाले. म्हणजे दर तीन दिवसांनी जवळपास २ अँपिअर-अवरचा खड्डा. असं महिन्यात दहा वेळा झालं की २० गेले, तुमची बॅटरी आहेच ४५ ची! आणि हे गाडीत कुठे फॉल्ट नाही असं धरून.
दुसरं म्हणजे थंड इंजिन १० मिनिटं चालवून बंद केलं की आत साठलेली वाफ बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग ४०-४५ मिनिटं रस्त्यावर चालवा. टायर एकाच जागी दबून राहत नाहीत, ब्रेकच्या डिस्कवरचा गंजही निघतो. आणि बंद गॅरेज असेल तर आत इंजिन चालू ठेवून अजिबात उभं राहू नका, त्या धुराने जीव जातो.
बॅटरी गेली का हे मीटर लावल्याशिवाय कोणी सांगू नये. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद राहिली की सकाळी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या वर असेल तर फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामीच समजा. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा आकडा खोटा जास्त दिसतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवं, तेवढं असेल तर अल्टरनेटर ठीक.

जुना_पाना:
काका बरोबर सांगतायत. मी कित्येक वर्षं निगेटिव्ह काढून ठेवतो, माझी गाडी तीन-तीन महिने उभी असते आणि आल्यावर एका सेल्फमध्ये सुरू होते. आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी लावायचं. उलटं केलं आणि पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती एकदा बघितलीये, परत बघायची नाहीये. घड्याळ, रेडिओचे स्टेशन, काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंग परत करावं लागतं एवढाच त्रास. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

तांब्याची_तार:
@जुना_पाना दादा, तुमच्यासाठी बरोबर आहे, महिनोन्महिने उभी राहणाऱ्या गाडीला तोच उत्तम उपाय. पण ताईंना रात्री दोन वाजता वडिलांना घेऊन निघायचंय, तेव्हा टॉर्च तोंडात धरून १० नंबरचा पाना फिरवत बसणार का? शिवाय बॅटरी काढली की रिमोट चालत नाही, चावीने दार उघडायचं. कायम तयार हवी अशी गाडी असेल तर बॅटरी जोडलेलीच ठेवून चार्जरने भरत राहायची. तारा काढल्या तरी बॅटरी आपोआप हळूहळू उतरतेच, उन्हाळ्यात जास्त वेगाने, त्यामुळे तुम्हीपण दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करत जा.

जुना_पाना:
हो, रात्रीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. ताईंसाठी तुमचंच बरोबर.

चार्ज_फुल:
मी चार्जरबद्दल लिहितो कारण यात लोक फसतात. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर कायम लावून ठेवायचा नाही, तो भरल्यावरही करंट ढकलत राहतो, बॅटरी तापते, आतलं पाणी उडतं. स्मार्ट चार्जर घ्यायचा जो भरल्यावर आपोआप १३.५ व्होल्टच्या आसपास येऊन थांबतो. ४५ च्या बॅटरीला ४-५ अँपिअरचा भरपूर झाला. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला रात्रभर लागते, शेवटचे २० टक्के फार हळू जातात, नेमके तेच गाडी चालवून लवकर भरत नाहीत. आणि अर्धवट भरलेली बॅटरी तशीच आठवडे पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं, सुरुवातीला मऊ असतं, चार्ज केलं की विरघळतं, पण जुनं झालं की कडक होतं आणि तेवढा भाग कायमचा गेला. बॅटऱ्या अशाच अकाली मरतात, वापरून नाही, अर्धपोटी ठेवून.
ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिची बॅटरी वेगळ्या जातीची असते, चार्जरवर ती सेटिंग आहे का बघा, आणि निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल तर काळा चिमटा टर्मिनलला न लावता बॉडीच्या लोखंडाला लावा नाहीतर गाडीला कळतच नाही किती चार्ज झालं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची लेव्हल बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड कधीच नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने साफ करा, सुकल्यावर व्हॅसलिनचा हात फिरवा.
तुमच्या केसमध्ये एक लिथियमचा जंप स्टार्टर पण घेऊन ठेवा, हातात मावतो, कोणाची गाडी शोधत बसायला नको. फक्त घरात ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत नको, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याचं चार्जिंग बघत जा.

तांब्याची_तार:
आणि ताई, बाहेरून लावलेलं काही आहे का बघा. डॅशकॅमचा पार्किंग मोड, ॲम्प्लिफायर, ट्रॅकर. गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजायला निगेटिव्हची वायर काढा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून ते टर्मिनल आणि काढलेली वायर यांच्या मधे जोडा, दारं बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा तास थांबा कारण गाडीतले कंप्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

निवांत_प्रवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर हेच करत होते. सकाळी व्होल्टेज १२.०८ आलं, म्हणजे मी ज्याला काळजी म्हणत होते ती अशी होती. मग उभ्या गाडीत जाणारा करंट मोजला, अर्ध्या तासानंतरही ०.१२ अँपिअर, म्हणजे १२० मिलीअँप! एकेक गोष्ट काढत गेले, शेवटी स्टेअरिंगखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये भावाने कधीतरी लावून दिलेला लोकेशनचा ट्रॅकर सापडला, तो तिथे आहे हेच मी विसरले होते. काढल्यावर ०.०३ वर आलं.
चार्जर आणून रात्रभर लावला. काढल्यानंतर एक पूर्ण दिवस थांबून मोजलं तर १२.६१. भावाला मीटरकडे बघायला सांगून सेल्फ मारला, व्होल्टेज १०.४ पर्यंत खाली गेलं. हे चांगलं की वाईट? आणि चार्जर कायम लावून ठेवू का?

तांब्याची_तार:
छान आहे! सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं असतं तर काळजी होती. नवीन बॅटरी टाकू नका. ०.०३ ने दहा दिवसांत ७ अँपिअर-अवर जातील, ४५ मधून गाडी आरामात सुरू होईल.

चार्ज_फुल:
स्मार्ट असेल तर कायम लावलेला चालतो, पण रात्री घाईत निघताना वायर लोंबकळत राहायला नको. महिन्यातून एक रात्र लावा, मधे आठवड्याची मोठी फेरी मारा.

निवांत_प्रवासी:
ठरलं. रविवारी वडिलांनाच पुढे बसवून पाऊण तास फिरवून आणलं, दर रविवारी जाऊ म्हणाले.