मदत हवी आहे: ब्रॅकेटसाठी ॲल्युमिनियम की हाय स्ट्रेंथ स्टील?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे साध्या स्टीलच्या) शीटचे ब्रॅकेट वर्षानुवर्षं काढतोय. आता ग्राहक म्हणतो, इलेक्ट्रिक गाडीला बॅटरीचंच ओझं फार, वजन उतरवा. ॲल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी, हे कळतं हो! पण ताठपणाही तिसऱ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे जाडी वाढवणं आलं.

हाय स्ट्रेंथची १.२ मिमी शीट मारून पाहिली. पंच वर गेला की ९० अंशांचा बेंड ९४ वर उघडतो. डायची धारही लवकर बसते.

सातपूर-अंबडमध्ये कुणी हे निस्तरलंय का? ओव्हरबेंड (बेंड उघडणार म्हणून आधीच जास्त वाकवणं) किती ठेवता? डायला कोटिंग परवडतं का?