अनुभव धागा: गटाने बाइक चालवताना तुमच्या क्लबात काय पाळतात?

पावसाळा लागला की शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो: पहाटे साडेपाच, नेहमीचा पंप, टाकी फुल्ल करून या. मग ताम्हिणी, वरंधा नाहीतर माळशेज. आता तालुक्याच्या गावांतही क्लब निघालेत, छापील टी-शर्ट आहेत, ड्रोन आहेत. एकट्याने गाडी सगळ्यांनाच चालवता येते. दहा-पंधरा जणांनी मिळून चालवणं हे निराळं काम आहे आणि ते कुठे शिकवत नाहीत. लायसन्सला आठचा आकडा काढला की सुटलो.

म्हणून विचारतोय: तुमच्या क्लबाचे नियम काय, ते कशामुळे आले, आणि कुठला नियम तुम्हाला अजिबात पटत नाही? कोणी किती वेग गाठला ते इथे नको. त्यासाठी बाकीचं जग पडलं आहे.

सुरुवात मीच करतो. पुण्याचा क्लब, गाड्या सगळ्या तऱ्हेच्या. सरळ रस्त्यावर लीड, म्हणजे सर्वांत पुढचा माणूस, लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या अंगाला एक सेकंद मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे. म्हणजे नाकासमोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर राहतं. पुढची गाडी खांबापाशी गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर जवळ आहोत. पावसात हे दुप्पट. घाट लागला की ही तिरकी रचना मोडायची आणि एकामागे एक, कारण वळणावर प्रत्येकाला अख्खी लेन लागते.

नवा माणूस आमच्याकडे लीडच्या लगेच मागे असतो. बरेच क्लब त्याला ‘सावकाश ये’ म्हणून शेवटी ठेवतात, आणि मला हे धोक्याचं वाटतं. रांग रबरासारखी ताणते. लीड साठने चालला असेल तरी ट्रकमागे अडकलेल्या शेवटच्या गाड्यांना गाठण्यासाठी ऐंशी-नव्वद करावे लागतात. म्हणजे ज्याला सर्वांत कमी येतं त्यालाच सर्वांत जोरात पळवायचं. शेवटी स्वीप, म्हणजे सगळ्यांना पुढे घालून मागून येणारा, हवा, आणि तो क्लबातला सर्वांत मुरलेला माणूस हवा. पंक्चर किट, प्रथमोपचार पेटी त्याच्याकडे, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. क्लब कसा आहे ते मी स्वीप कोण आहे यावरून ठरवतो. फोटोत तो बहुधा नसतोच.

कराडहून

आमच्याकडे पावसापेक्षा ऊस वाईट. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबतोय, मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर लावलेले असले तरी चिखलाने माखलेले. त्यातून गळालेली कांडी रस्त्यावर पडतात आणि टायरखाली चेचून बुळबुळीत होतात. म्हणून हंगामात अंधार पडायच्या आत घरी, हा नियम. कोणी कुरकुर केली तर त्याने दुसरा क्लब बघावा.

दुसरा नियम ओव्हरटेकचा. पूर्वी पुढचा हात हलवून ‘ये, ये’ करायचा आणि मागचा डोळे झाकून यायचा. पुढच्याने रस्ता रिकामा पाहिला त्याला चार सेकंद झालेले असतात, तेवढ्यात समोरून एसटी येते. आता तो इशारा बंद. प्रत्येकाने स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं, आणि पुढे गेल्यावर मागच्याला शिरायला जागा सोडून आणखी पुढे सरकायचं. हे शेवटचं लोक विसरतात. ट्रॉली ओलांडली की लगेच वेग कमी करतात आणि मागचा ट्रॅक्टरच्या बरोबरीने लटकतो.

खड्डा दाखवायला हात सोडायचा नाही, त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा. तोही नुसता खड्डा नाही, गाडी गिळेल असा खड्डा असेल तरच. नाहीतर आपल्या रस्त्यांवर पाय आत घ्यायची वेळच येणार नाही.

डोंबिवलीहून

मला बोलायचंय पाडव्याबद्दल. शोभायात्रेत आम्ही बायका नऊवारी नेसून बुलेटवर असतो, फोटो सगळीकडे जातात. नऊवारीचा काष्टा घट्ट असतो, पदर कमरेला खोचला की गाडीला काही अडचण नाही. पंजाबी ड्रेसची ओढणी आणि पाचवारीचा मोकळा पदर चेनमध्ये जातो, त्याची भीती जास्त. प्रश्न फेट्याचा आहे. हेल्मेटमधून कायद्याने सूट आहे ती पगडी बांधलेल्या शिखांना, आपल्या फेट्याला नाही. आमच्या गटात यावरून दरवर्षी वाजतं. गेल्या वेळी ठरलं की घरापासून यात्रेपर्यंत हेल्मेट, फेटा पिशवीत, आणि यात्रेत गाड्या चालण्याच्या वेगाने. एक काकू म्हणाल्या, पिशवीत फेटा चुरगळतो. चुरगळू दे ना!

एरवी मी मिश्र क्लबात चालवते. तिथे बराच काळ ‘ताई, तुम्ही मध्ये राहा’ चाललं होतं. मध्ये म्हणजे पुढचा काय करतोय ते दिसत नाही आणि मागचा चिकटलेला. आता मी स्वीप करते. माझी उंची कमी, भारी गाडी उतारावर मागे ढकलता येत नाही, म्हणून मी थांबण्याची जागा आधीच हेरते: सपाट, तोंड बाहेरच्या दिशेने, वळणापासून लांब. हे उंच पुरुषांनीही करायला हरकत नाही.

गुहागर तालुक्यातून

तुम्ही घाट उतरून येता ते आमच्या गावातूनच जाता, तेव्हा थोडं आमचंही ऐका. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर चढतो, चाकाचा चिखल रस्त्यावर राहतो. वर पाऊस पडला की तो साबणच. आम्हाला ठाऊक असतं कुठल्या वळणाच्या अलीकडे कोणाचं शेत आहे, तुम्हाला नसतं. संध्याकाळनंतर गुरं रस्त्यात बसतात, कारण डांबर कोरडं आणि उबदार असतं. हॉर्न मारून ती उठत नाहीत.

मीही चिपळूणच्या एका क्लबात आहे, त्यामुळे नुसता ओरडत नाही. दाभोळ–धोपावे फेरीबोटीवर चढताना सगळे एकदम पुढे सरसावतात. उतारावर ओलं शेवाळ असतं, तिथे पुढचा ब्रेक दाबलात की गाडी आडवी. एकेकाने, पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत चढायचं. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून बाजूला उभं राहायचं, वडापाव नंतर. आणि रे बाबांनो, वीस गाड्यांची वरात काढू नका. पाच-पाचच्या तुकड्या करा, मध्ये अंतर ठेवा. आमची एसटी एका दमात वीस गाड्या ओलांडू शकत नाही. आणि त्या फटफट सायलेन्सरचं कौतुक तुमच्या सोसायटीत करा.

नागपूरहून

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून आम्ही जुन्याच रस्त्यांवर. इकडे पावसाचं सोडा भाऊ, मे महिन्यात ऊन मारते. पहाटे पाचला निघा, अकराच्या आत सावलीत बसा. जॅकेट काढून हाफ शर्टवर चालवणारे असतात, गरम वारा अंगातलं पाणी अजून लवकर ओढते. सुती दुपट्टा ओला करून हेल्मेटच्या आत, दर तासाला थांबा, ओआरएस सगळ्यांकडे. थांब्यावर जो एकदम गप्प झाला त्याच्याकडे पाहा. त्याले पुढे चालवू देऊ नका, कितीही ‘मी बरा आहे बे’ म्हणाला तरी.

साताऱ्याहून, परिचारिका

कुंभार्ली घाटात आमच्यातला एक जण वळणावरच्या खडीवर घसरला. वेग फार नव्हता, गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या दिवशी जे नीट झालं ते निघण्याआधी कामं वाटलेली होती म्हणून. स्वीप आणि मी थांबलो, बाकीच्यांना लीडने पुढच्या रुंद जागेपर्यंत नेलं. दोघे वळणाच्या दोन्ही बाजूंना वाहनं हळू करायला गेले. सगळे तिथेच थांबले असते तर मागून येणाऱ्या ट्रकने आणखी दोघांना घेतलं असतं.

लोक धावत येऊन दोन गोष्टी करतात: हेल्मेट ओढून काढतात आणि पाणी पाजतात. दोन्ही नको. मानेला इजा असू शकते. श्वास चालू असेल तर हेल्मेट राहू द्या, काच वर करा, बोलत राहा. १०८ ला फोन एकानेच करायचा आणि गावाचं नाव, जवळची खूण, कुठल्या दिशेची बाजू हे सांगायचं. घाटात रेंज नसते, म्हणून रेंज कुठे मिळते ते जाताना लक्षात ठेवणारा माणूस आधीच नेमा. पोलिसांच्या भीतीने लोक हात लावत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे, मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही.

रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद आमच्या क्लबात प्रत्येकाच्या डाव्या खिशात असतो. मोबाइलला लॉक असतं, कागदाला नसतं.

इंग्लंडातून

इथल्या आमच्या क्लबात मार्करची पद्धत आहे. वळण आलं की लीडच्या मागचा माणूस तिथे सुरक्षित जागी थांबून दिशा दाखवतो, स्वीप आला की पुन्हा रांगेत शिरतो. पुढच्या वळणाला त्याच्या मागचा, कारण आता लीडच्या मागे तो असतो. त्यामुळे पुढची गाडी नजरेआड होऊ नये म्हणून कोणी पळत नाही. मी सुट्टीत कोल्हापूरच्या मित्रांना हे सुचवलं. आंबा घाटाच्या रस्त्याला छान जमलं, शहरात मात्र थांबलेल्या माणसापुढे रिक्षा लागल्या.

बदलापूरहून, एक प्रश्न

माझी जुनी १२५ आहे. मोठ्या गाड्यांच्या क्लबात घेतील का?

धागाकर्ता

घ्यायला हवं, आणि वेग तुमचा धरायला हवा. फक्त अंतर जास्त ठेवा. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पुढचा ओल्या रस्त्यावर करकचून थांबेल, तुमचं चाक लॉक होईल.

सांगलीहून, गॅरेजवाला

एवढं वाचलं, आता माझं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसते म्हणून लोक जुनाट, कडक झालेला टायर घाटात नेतात. चेन ढिली की घट्ट, ते माणूस बसवून बघा, डबलसीट जाणार असाल तर नक्कीच. हवा थंड टायरला भरा. दसऱ्याचा झेंडूचा हार हॅण्डलवर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी राइडला येतात, तो सुकून पुढच्या चाकात जातो. पूजा झाली की काढा.

आणि शनिवारी रात्री आठला येऊन ‘दादा, पहाटे निघायचंय, ब्रेक जरा बघा’ म्हणू नका. गुरुवारी आणा.