चाई पडल्यावर मनाचं काय होतं? तुमचे अनुभव लिहा

चाई, म्हणजेच अलोपेशिया अरेटा (केस चट्ट्याचट्ट्यांनी गळणं), ज्यांनी स्वतः सोसली किंवा घरात पाहिली त्यांच्यासाठी हा धागा. औषधांवर बोलणं होतं, मनाचं राहून जातं. विनंती एवढीच की इथे कुणी कुणाला उपाय सुचवू नयेत.

मीच सुरुवात करतो. मला छळते ती अनिश्चितता. एका चट्ट्यावर पांढरी, विरळ लव दिसू लागते, जीव सुखावतो, तोवर कानामागे दुसरा गुळगुळीत चट्टा हाताला लागतो. त्यात 'टेन्शन घेतोस म्हणून होतं' हे ऐकायचं. प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, यात तुमचा दोष नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तेव्हा कितीतरी हलकं वाटलं.

*

माझ्या भुवया आणि पापण्याही गेल्या. डोकं स्कार्फने झाकता येतं, चेहऱ्याचं काय करणार? घाम थेट डोळ्यांत उतरतो. भुवया पेन्सिलीने काढते आणि दिवसभर कपाळ पुसायची धास्ती. लोक 'केमो चालू आहे का' विचारतात. नाही म्हटलं की सुटकेचा श्वास टाकतात, 'मग केसच तर आहेत!' त्यानंतर रडायचीही चोरी होते.

*

माझ्या मुलीच्या शेजारी वर्गात कुणी बसेना, लागण होते म्हणून. तशी ती होत नाही, हे बाईंनी सगळ्या वर्गाला समजावलं, मग निवळलं. पण रोज रात्री ती डोकं माझ्या मांडीवर ठेवून विचारायची, 'आई, आले का गं?' मी बोट फिरवून पाहायचे. शेवटी आम्ही ठरवलं, आता रोज बघायचं नाही. ती शांत झोपू लागली. मला मात्र अजून सवय मोडता आलेली नाही.

*

दाढीत चट्टे आहेत. 'पुरुषाला काय फरक पडतो' म्हणतात. पडतो.

*

तीव्र चाईसाठी 2022 मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला मान्यता मिळाली. तीच गोळी मी घेते. केस आले, भुवयाही आल्या. सगळे अभिनंदन करतात आणि मी कंगव्यात अडकलेला एकेक केस उजेडात धरून बघते. गोळी थांबली की पुन्हा जातील, ही भीती पाठ सोडत नाही. त्यासाठी समुपदेशन सुरू केलंय. केस परत आल्यावरही असं कुणाला होतं का? तेव्हा घरच्यांना काय सांगता?